केरबामामांचा पहिला डायलॉग

केरबामामा तिसऱ्यांदा मेले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील.

दूध संघाच्या फाटकाजवळ, कडुलिंबाच्या सावलीत, त्यांनी छातीवर हात दाबला, एक गिरकी घेतली, गुडघ्यावर आले आणि अंथरलेल्या पोत्यावर आडवे झाले. मग एक डोळा उघडून म्हणाले, "ह्यो उघड्या डोक्यानं मेलेला. पहिल्यांदा लाल पटक्यात मेलो, दुसऱ्यांदा पांढऱ्या टोपीत. एकाच पिक्चरमध्ये तीन बार! डायरेक्टर म्हणायचा, केरबा, तुझ्यागत पडणारा गडी साऱ्या कोल्हापुरात न्हाई."

मी पोट धरून हसत होते. माझ्या केबिनचा पंखा बंद पडला होता, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, म्हणून मी फाटकाशी येऊन बसले होते. केरबामामांकडे गोष्टींना तोटा नव्हता. संघाचे वॉचमन होण्याआधी बावीस वर्षं ते कोल्हापूरच्या स्टुडिओत 'गर्दी' होते. मोर्चात गर्दी, जत्रेत गर्दी, राजवाड्यासमोर गर्दी. "अठ्ठावन्न पिक्चरमध्ये चिडलोय मी, म्याडम," असं ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत. फक्त एक दुखणं होतं. अठ्ठावन्न पिक्चरमध्ये त्यांना एकही वाक्य मिळालं नव्हतं. गर्दीनं नुसतं पुटपुटायचं असतं. ते म्हणे आपल्या म्हशींची नावं पुटपुटत.

"पण मामा, चिडायचं कधी हे गर्दीला कसं कळायचं?"

"सांगत्यात की." ते उठून पोतं झटकायला लागले. "व्हिलन असतोय वर, गच्चीत. आमी खाली. वर बघून बघून मान दुखती. डायरेक्टर सांगायचा, आधी मान चोळा. मग त्यो व्हिलन खिशातनं कागद काढतोय आनि वाचतोय. कागद निघाला की पुटपुटायचं. त्यानं कागदावरनं डोळं वर न्हाई काढलं, की दगूड."

"आणि हीरो असेल तर?"

"त्यो खाली येतोय. जिन्यावरनं. गर्दीत शिरतोय, आनि कुनातरी एका म्हातारीशी बोलतोय. मग क्यामेरा त्या म्हातारीच्या तोंडावर. तिला क्लोजअप मिळाला की आमाला सुट्टी. म्हातारी रडली की गर्दी गप, म्हातारी हसली की गर्दी हसती. बावीस वर्सं हेच बगितलं."

मी हसून मान डोलावली. मनात म्हटलं, चांगली करमणूक आहे. कारण जनसंपर्क म्हणजे काय, हे मला पक्कं माहीत होतं. पुण्याहून त्याचा डिप्लोमा घेऊन आले होते मी. उज्ज्वला मगदूम, वय चोवीस, भैरेवाडी सहकारी दूध संघाची जनसंपर्क अधिकारी. पण सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिने उद्या, पाडव्याला, पुरे होत होते. चेअरमन आवटीअण्णांनी शब्द दिला होता, "पाडव्याच्या मुहूर्तावर कायमच्या ऑर्डरवर सही करतो." आमच्या आईला तेवढा दम कुठला! इचलकरंजीत तिनं साऱ्या गल्लीला मी कायम झाल्याचं सांगूनही टाकलं होतं.

चार वाजता पंखा सुरू झाला आणि मी केबिनमध्ये गेले.

*

पाडव्याच्या सकाळी साडेआठला पहिला फोन आला. मग फोन खाली ठेवायला सवडच मिळेना. भैरेवाडीत पाडव्याला घरोघरी बासुंदी. गुढी उभी राहिली, पातेली चुलीवर चढली आणि आमच्या पिशवीतलं दूध उकळी येताच फाटलं. चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. वर्षाच्या पहिल्या दिवशी दूध नासलं म्हणजे नुसतं नुकसान नव्हे, अपशकुन. त्यात कुणीतरी म्हणालं, हे पावडरीचं दूध. दुसऱ्यानं त्यात रबर घातलं. दहा वाजेपर्यंत आमचं दूध प्लॅस्टिकचं झालं होतं.

अण्णा नवं धोतर, नवी टोपी घालून, कपाळावर कुंकवाचा टिळा लावून आले. आल्या आल्या म्हणाले, "मगदूमबाई, तुमचं शिक्षण आता कामाला येऊ द्या. काहीतरी लिहा."

मी लिहिलं. पुस्तकात होतं की अफवेला तासाभरात उत्तर द्यावं, ठाम द्यावं, आणि संस्थेची प्रतिमा जपावी. मी वीस मिनिटांत दिलं. शुद्ध, ठाम आणि सुवाच्य अक्षरात. 'संघाचे दूध उत्तम दर्जाचे आहे. ग्राहकांनी दूध तापविताना स्वच्छ भांड्यांचा वापर करावा, ही नम्र विनंती.'

अण्णा खूश झाले. फाटकाच्या फळ्यावर ते लागलं. एवढ्यावर भागलं असतं तर बरं, पण मला उत्साह फार. मी रिक्षा बोलावली, तिच्यावर कर्णा बांधला आणि हेच वाक्य पेठेपासून कुंभार गल्लीपर्यंत तीन-तीनदा ऐकवायला लावलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी घरातलं एकूण एक भांडं चिंच लावून घासलेलं असतं. त्या दिवशी सकाळी, कर्णा लावून, मी साऱ्या गावातल्या बायकांना सांगितलं की तुमची पातेली घाण आहेत. आजही आठवलं की मी आपलीच जीभ चावते.

अकराला फाटकाबाहेर दोनशे बायका होत्या. प्रत्येकीच्या हातात पातेलं. उन्हात ती पातेली अशी लखलखत होती की वरच्या खिडकीतून खाली बघवेना. सगळ्यांत पुढे कुंभार गल्लीची हौसाक्का. हौसाक्का म्हणजे साठीची, धिप्पाड बाई. तिनं एकदा तलाठ्याला त्याच्याच खुर्चीतून उठवलं होतं म्हणतात. ती पातेल्यावर पळी बडवत होती आणि तिच्या तालावर बाकीच्या.

"बाहीर या की! या, बघा कुनाचं भांडं घान हाय ते!"

*

वर अण्णांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. अण्णा, मी आणि प्रयोगशाळेतले तांदळे. तांदळे सकाळपासून घाम पुसत होते. शेवटी त्यांनी तोंड उघडलं.

"अण्णा, दूध भेसळीचं नाही, पण चांगलंही नव्हतं. काल दुपारी दीड ते चार वीज नव्हती. थंड टाकी बंद. संध्याकाळी तपासलं तेव्हा काठावर पास झालं, म्हणून मी पिशव्या भरू दिल्या. तापवल्यावर मात्र टिकलं नाही. कुणाला बाधणार नाही, पण फाटणारच."

"आणि जनरेटर? कशाला घेतलाय तो? शोभेला?"

"लावलाच नाही कुणी. ऑपरेटर सणाला गावी गेलाय. दुपारी यंत्रघरात कुणी नसतं. वीज गेली की जनरेटर लावायचं काम फाटकावर दिलं होतं. केरबाकडे."

दीड ते चार. माझा बंद पंखा. लाल पटका, पांढरी टोपी, उघडं डोकं. केरबामामा पोत्यावर मरत होते आणि मी म्हणत होते, "अजून एक सांगा ना मामा."

केबिनचा पंखा बंद पडला, तेव्हा वीज गेली एवढं कळायला डिप्लोमा लागत नव्हता. त्यापुढे टाकीचा विचार मात्र माझ्या मनाला शिवला नव्हता.

अण्णांनी टेबलावर हात आपटला. "हे ह्या खोलीबाहेर जायचं नाही. आपलं यंत्र बंद होतं म्हटलं की उद्या गाव दुसऱ्याचं दूध घेईल. भांड्याचंच धरून राहायचं. मगदूमबाई, तुम्ही गॅलरीत जाऊन हा खुलासा कर्ण्यावरून वाचा. मग मी येतो आणि सगळ्यांदेखत आपल्या दुधाचा पेला पितो. तांदळे, एक चांगली पिशवी बघून ठेवा."

तेवढ्यात दारात केरबामामा. ते फाटकाची किल्ली मागायला आले होते, पण दाराआडून आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"अण्णा, पेला नगो," ते म्हणाले. "आमच्या एका पिक्चरमध्ये सावकारानं असाच विहिरीच्या पान्याचा तांब्या पिला. आमी गर्दीत हुतो. आमाला सांगितलेलं, त्यो पिला की हसायचं. पब्लिकला म्हाईत असतंय, त्येचा तांब्या येगळा असतोय."

"केरबा, तुझ्याकडे नंतर बघतो. आता फाटक सांभाळ. मला पिक्चर शिकवू नकोस."

"बरं," म्हणून मामा निघून गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना सगळं कळलेलं होतं, हे मला त्यांच्या पाठीवरून दिसलं.

अण्णांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक खुलासा. दुसरा माझी ऑर्डर, टाइप केलेली, खाली सहीची जागा मोकळी. "हे वाचून या. मुहूर्त बारापर्यंत आहे."

*

मी गॅलरीत गेले. पातेल्यांचा आवाज थांबला. दोनशे चेहरे वर झाले. ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत होतं. कुणी कपाळावर हात धरला, कुणी पदर ओढला. आणि मी बघितलं, एका बाईनं मान चोळली. मग तिच्या शेजारणीनं.

मी कागद उघडला. लगेच पुटपुट सुरू झाली.

खाली फाटकाच्या आत केरबामामा उभे होते, वर माझ्याकडे बघत. त्यांनी काही खूण केली नाही, बोट हलवलं नाही. फक्त सावकाश, अगदी सरावाच्या माणसासारखी, आपली मान चोळली.

त्या क्षणी मला कळलं की या पिक्चरमध्ये आपण कोण आहोत.

मी कागदाची घडी केली आणि वळले. अण्णा दारात होते. "काय झालं? वाचा की!"

"अण्णा, मी खाली जाते."

"खाली गेलात तर ऑर्डर विसरा हं बाई!"

आईची गल्ली डोळ्यांपुढे आली. मागं वळावंसं वाटलं, हे कबूल करते. पण जिना उतरायला लागल्यावर परत चढणं लाजिरवाणं झालं असतं. मी उतरत गेले. केरबामामांनी फाटकाचं लहान दार उघडलं. मी बाहेर पडले आणि हौसाक्कासमोर उभी राहिले. तिचं पातेलं माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं.

"हौसाक्का," मी म्हटलं, "त्या फळ्यावरचं मी लिहिलंय. रिक्षाही मीच पाठवली. तुमची भांडी स्वच्छ आहेत. घोटाळा आमचाच आहे. काल आमची थंड टाकी अडीच तास बंद होती."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू लिवलंस? कुनाची गं तू?"

"मगदुमांची. इचलकरंजीची."

"तुझ्या आईची भांडी घासतीस का कधी?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. हौसाक्का हसली नाही. "टाकी का बंद हुती?"

"वीज गेली होती."

"जनरेटर हाय की तुमचा. दर सबेला सांगतोय त्यो अण्णा. मग कुनी लावला न्हाई?"

आता काय सांगू? केरबामामांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. चारचौघांत नाव घेतलं तर अण्णा त्यांना आजच घरी बसवणार. नाही घेतलं तर मी परत वरच्या गॅलरीत. पुटपुट वाढायला लागली. हौसाक्काच्या पळीवरची मूठ आवळली.

तेव्हा माझ्या मागून केरबामामा पुढे आले. त्यांनी डोक्यावरची खाकी टोपी काढली, छातीशी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"जनरेटर म्या लावायचा हुता. म्या लावला न्हाई."

लखलखत्या प्रत्येक पातेल्यात एकेक केरबामामा दिसत होते.

हौसाक्का म्हणाली, "का रं, केरबा? झोपला हुतास?"

"न्हाई आक्का. मरत हुतो."

"काय?"

"पिक्चरमधलं मरन करून दावत हुतो. तीन बार मेलो. जनरेटर डोक्यातनंच गेला."

"कुनाला दावत हुतास?"

मामा टोपीची कड चाचपत राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नसतं, पळी डोक्यात बसली असती तरी.

"मला," मी म्हटलं. "मीच म्हणत होते, अजून एक सांगा."

हौसाक्कानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा साठीला टेकलेल्या केरबामामांकडे. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. मग तिचं सगळं अंगच गदगदायला लागलं. "आगं बाई! अख्ख्या गावाची बासुंदी नासली, आनि ह्यो काय करत हुता तर मरत हुता!"

म्हातारी हसली आणि गर्दी हसली. मामांनी सांगितलं होतं, अगदी तसंच.

पण हसून हौसाक्का भुलणारी नव्हती. डोळे पुसून ती म्हणाली, "ते झालं. आजच्या दुधाचं काय? त्ये चांगलं कशावरनं?"

मागून आवाज आला, "मी पिऊन दाखवतो!" अण्णा. धोतर सावरत, जिना उतरून, एकदाचे फाटकाबाहेर आलेले. हातात पेला.

"तुमी ठेवा त्यो पेला," हौसाक्का म्हणाली. "पातेलं माजं. पिशवी मी निवडतो. चूल हितं मांडा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी मामांकडे, आणि मामांनी आधीच तीन विटा आणायला धाव घेतली होती.

फाटकाच्या अगदी मधोमध चूल पेटली. हौसाक्का आत जाऊन, आज सकाळी भरलेल्या पिशव्यांतल्या वरच्या सगळ्या बाजूला सारून, तळातल्या क्रेटमधली पिशवी घेऊन आली. तांदळ्यांनी डोळे मिटून घेतले. दूध पातेल्यात पडलं. दोनशे बायका वाकून एका पातेल्यात बघत होत्या. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी मनातल्या मनात, काही सुचेना म्हणून, म्हशींची नावं पुटपुटायला लागले.

कडेला बुडबुडे आले. साय सुरकुतली. मग दूध एकदम वर चढायला लागलं, पांढरंशुभ्र, एकसंध.

"काढा, काढा, उतू जाईल!" अण्णा ओरडले.

"जाऊ द्या की!" हौसाक्कानं त्यांचा हात धरला. "पाडव्याला दूध उतू गेल्यालं चांगलं असतंय."

दूध काठावरून ओसंडून विटांवर पडलं, चर्रकन आवाज झाला, आणि बायकांनी पातेली अशी बडवली की कडुलिंबावरचे कावळे उडाले. प्रत्येकीला पिशवीला पिशवी बदलून दिली. जाताना हौसाक्का अण्णांना म्हणाली, "ह्या दोघास्नी काढायचं न्हाई. पन ह्येला मरायचं आसंल तर आधी जनरेटर लावून मर म्हनावं."

फळ्यावरचं माझं वाक्य तिनं आपल्या पदरानं पुसलं. त्या जागी मी नवं लिहिलं, 'चूक आमची होती. तुमची भांडी स्वच्छ आहेत.' पुढे कित्येक वर्षं मी कंपन्यांच्या मोठमोठ्या साहेबांना हेच शिकवत आले. ते वहीत उतरवून घेतात, आणि वेळ आली की गॅलरीत जाऊन कागद वाचतात.

*

बायका गेल्या, जेवणं झाली. दोनच्या सुमाराला अण्णांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. पुढ्यात माझी ऑर्डर होती. बाराचा मुहूर्त कधीच टळून गेला होता.

"बाई, तुम्ही माझं ऐकलं नाहीत," ते म्हणाले.

"नाही ऐकलं, अण्णा."

"बरं झालं. ऐकलं असतंत तर आज माझ्या डोक्यात पातेलं असतं." त्यांनी पेन उघडलं. मग केरबामामांकडे वळले. "आणि तू! अठ्ठावन्न पिक्चर केलेस म्हणतोस. आज बोललास तसं तिथं कधी बोललास?"

"न्हाई जी. आजचा पहिलाच डायलॉग." मामांनी टोपी छातीशी धरली. "ते बी दोन वाक्यांचा. त्यातलं एक बी ईसरलो न्हाई."

"एकाच टेकमध्ये ओके झाला मामा," मी म्हटलं. त्यांनी टोपीनं डोळे पुसले, आणि मलाही पुसावे लागले.

अण्णा खाकरले. पेनाचं टोक कागदावर टेकवलं, पुन्हा उचललं. "पण केरबा, एवढं अडीच तास जनरेटर विसरण्यासारखं त्यात होतं तरी काय? कसा मेलास, बघू दे."

"हितं? आता?"

"हितं. आता."

मामांनी मान खाली घातली, जरा लाजले. मग टोपी फेकली, छातीवर हात दाबला, गिरकी घेतली, गुडघ्यावर आले आणि चेअरमनच्या सतरंजीवर आडवे झाले. अण्णा खुर्चीतून अर्धे उठून बघत होते. "वा!" ते म्हणाले. "पटक्यात कसा मेलास? ते पण दाखव."

आणि डोक्यावरचा पंखा सावकाश होत होत थांबला.

क्षणभर आम्ही तिघंही त्या पंख्याकडे बघत राहिलो. मग मेलेले केरबामामा ताडकन उठले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत जिन्यावरून सुटले. त्यांच्या मागे मी. आणि माझ्या मागे, एका हातात धोतर आणि दुसऱ्या हातात माझी बिनसहीची ऑर्डर घेऊन, ओरडत येणारे अण्णा, "आधी जनरेटर! सही मागनं!"

ती सही त्यांनी यंत्रघरात केली, धडधडत्या जनरेटरच्या पत्र्यावर कागद ठेवून. ऑर्डर अजून माझ्याकडे आहे. सहीचं एकही अक्षर लागत नाही.